त्वचेचा ल्युपस आणि औषधांची पारख

चेहऱ्यावर उमटलेला डाग घरातील माणसांना जितका घोर लावतो, तितका पोटातील दुखणेही पुष्कळदा लावीत नाही. पोटातले दुखणे चार भिंतींच्या आत राहते. गालावरचा डाग मात्र पेढीवर, लग्नकार्यात, पाहुण्यांसमोर, सर्वत्र आधी दिसतो. तो उपवर मुलीच्या चेहऱ्यावर असला म्हणजे तर घरात तर्कवितर्कांना ऊत येतो. कोणी नायटा म्हणतो, कोणी कोड म्हणतो, कोणी दबल्या आवाजात कुष्ठरोगाचे नाव घेतो. कुणीतरी सुचविलेले मलम दुकानातून आणले जाते, काही दिवस बरे वाटते, पुन्हा डाग लाल होतो. आणि या खटाटोपात वर्ष सहा महिने सहज निघून जातात. अशा डागांची कारणे अनेक असतात. त्यांपैकी ल्युपस नावाच्या एका रोगाचा, आणि त्यावरील औषधांची पारख शास्त्रज्ञ कशी करीत आले याचा, वाचकांस परिचय करून द्यावा या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर दुहेरी आहे. एक तर हा रोग घरातील स्त्रियांना अधिक गाठतो आणि त्याची हयगय झाली तर त्याची खूण जन्मभर राहते. दुसरे असे की, मालाची पारख हा आपला पिढीजात धंदा. नमुना पाहिल्यावाचून आणि काटा तपासल्यावाचून सौदा न करणारे आपण औषधाच्या बाबतीत मात्र ऐकीव गोष्टीवर भरवसा ठेवतो. अमुक औषध गुणकारी आहे हे कशावरून ठरते, एवढे ज्याला कळले त्याची फसगत सहसा होत नाही.

रोगाचे स्वरूप

रोगजंतूंशी झुंजण्यासाठी आपल्या शरीरात एक संरक्षक यंत्रणा असते. ल्युपसमध्ये ही यंत्रणा आपले कोण व परके कोण हे विसरते आणि शरीराच्याच पेशींवर उलटते. हा हल्ला सांधे, मूत्रपिंडे, रक्त अशा अनेक ठिकाणी झाला म्हणजे त्यास सर्वांगीण ल्युपस म्हणतात. त्याच्या दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात. हल्ला मुख्यतः त्वचेवरच असला तर तो त्वचेचा ल्युपस होय.

त्वचेच्या ल्युपसचे ढोबळमानाने तीन प्रकार मानतात. पहिल्या, तीव्र प्रकारात दोन्ही गालांवर व नाकाच्या दांडीवर पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा लाल चट्टा उठतो. हा बहुधा सर्वांगीण रोगाचा सोबती असतो. दुसऱ्या प्रकारात मान, छाती, पाठ व हात यांवर कड्यासारखी किंवा खवलेदार चकंदळे उठतात; ती बरी झाल्यावर व्रण राहत नाही. हा प्रकार कधी कधी दुसऱ्याच दुखण्यासाठी घेतलेल्या औषधांनी उद्भवतो. रक्तदाबावरील हायड्रोक्लोरोथायाझाइड, नायट्यावरील टर्बिनाफिन, तसेच आम्लपित्तासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्या यांकडे अशा वेळी बोट दाखविले गेले आहे. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरात चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी बरोबर न्यावी.

तिसरा प्रकार जुनाट, नाण्याएवढ्या गोल चकत्यांचा. याला डिस्कॉइड ल्युपस म्हणतात. चेहरा, कान व डोक्याची त्वचा ही त्याची आवडती ठिकाणे. याचे वैशिष्ट्य असे की, तो जाताना व्रण ठेवून जातो. आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या माणसांत चकतीचा मध्य पांढरा पडतो व कडा काळी राहते. डोक्यावर चकती असली तर तेथील केसांची मुळेच नष्ट होतात. लाली औषधाने हटते, पण एकदा पडलेला व्रण आजवरचे कोणतेही औषध पुसून टाकीत नाही. या रोगात वेळेला एवढे महत्त्व आहे ते यामुळेच.

दोन गोष्टी येथेच स्पष्ट कराव्याशा वाटतात. हा रोग संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने अथवा एकत्र राहिल्याने तो लागत नाही. आणि त्याचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही. शंका असल्यास त्वचेचा मसुराएवढा तुकडा काढून तपासला म्हणजे बहुधा निदान होते. चकत्यांच्या ल्युपसच्या शंभर रुग्णांपैकी साधारणतः पाच ते दहा जणांत पुढे सर्वांगीण रोग दिसून येतो, म्हणून रक्ताची व लघवीची तपासणी अधूनमधून करावी लागते.

एका नावाखाली दोन रोग

ल्युपस हा लॅटिन भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ लांडगा. चेहऱ्याचे लचके तोडल्यासारखे दिसणाऱ्या जखमांना युरोपात मध्ययुगापासून हे नाव मिळाले. परंतु त्या एका नावाखाली दोन निराळे रोग दडले होते. एक होता त्वचेचा क्षय. दुसरा आपण ज्याची चर्चा करीत आहोत तो. पॅरिसचे कॅझेनाव्ह यांनी १८५१ मध्ये दुसऱ्यास लाल ल्युपस अशा अर्थाचे स्वतंत्र नाव दिले.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हता. कोपनहेगनच्या नील्स फिन्सेन यांनी एकवटलेल्या प्रकाशकिरणांनी त्वचेचा क्षय बरा करून दाखविला व त्याबद्दल त्यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उलट, लाल ल्युपस प्रकाशानेच चिघळतो! सूर्याच्या अतिनील किरणांनी त्वचेतील पेशी मरतात, मेलेल्या पेशींतील द्रव्ये बाहेर पडतात आणि वाट चुकलेली संरक्षक यंत्रणा त्यांवर तुटून पडते. एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष ठरले. रोगाचे नाव नीट ठरल्याखेरीज औषधाला हात घालू नये, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

अनुभवाने हाती आलेली औषधे

लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातील पेन यांनी १८९४ मध्ये या रोगावर कोयनेल देऊन पाहिल्याचे नमूद केले. हिवतापावरचे औषध त्वचेच्या रोगावर का चालावे, याचा उलगडा तेव्हा कोणालाच नव्हता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावशतकात सुवर्णक्षारांची टूम निघाली. त्यांनी काहींना गुण आला, काहींना विषबाधा झाली. दुसऱ्या महायुद्धात हिवतापाच्या प्रदेशात लढणाऱ्या सैनिकांना मेपाक्रिनच्या पिवळ्या गोळ्या रोज घ्याव्या लागत. त्यांतील काहींचे जुने चट्टे व सांधेदुखी कमी झाल्याचे ध्यानी आले. १९५१ मध्ये इंग्लंडातील पेज यांनी मेपाक्रिन दिलेल्या १८ ल्युपसरुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली, आणि १९५५ मध्ये अमेरिकेत याच कुळातील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधास परवानगी मिळाली. ते औषध आजही या रोगाच्या उपचाराचा कणा आहे. दरम्यान १९४९ मध्ये कॉर्टिझोनचा, म्हणजे स्टेरॉइडांचा, उपयोग सांधेदुखीवर सिद्ध झाला व ती द्रव्ये त्वचारोगांच्या उपचारातही शिरली.

थॅलिडोमाइडची कथा तर चमत्कारिकच आहे. गर्भवतींनी घेतल्यामुळे हजारो अर्भके हातपाय खुंटलेली जन्मास आली आणि १९६१ मध्ये ते बाजारातून मागे घेण्याची पाळी आली. त्याच औषधाने चकत्यांचा ल्युपस आटोक्यात येतो, असे मेक्सिकोतील डॉक्टरांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. हट्टी रोगात ते आजही क्वचित देतात. परंतु त्याने हातापायांच्या नसा बधिर होण्याचा धोका असतो आणि गर्भधारणेचा संभव असलेल्या स्त्रीस ते अत्यंत कडक बंधनांवाचून देत नाहीत.

ही सर्व औषधे डॉक्टरांच्या अनुभवातून आली. अनुभव तुच्छ लेखण्याचे कारण नाही. पण त्याला एक खोड आहे. समजा, वैशाखाच्या उन्हात एखाद्या बाईचे चट्टे फुलले व तिला एक औषध सुरू केले. श्रावणात आभाळ झाकोळले, बाई घरात राहिली, चट्टे उतरले. गुण औषधाचा की पावसाचा? आणि चट्टे न उतरलेले दुसरे दहा रुग्ण डॉक्टर बदलून गेले असतील, तर त्यांची नोंद कोणाच्या वहीत सापडणार? ज्या वहीत जमा तेवढी लिहिली जाते आणि नावे लिहिलेच जात नाही, त्या वहीवरून नफा काढणाऱ्या मुनिमास आपण एक दिवसही पेढीवर ठेवणार नाही.

खरी चाचणी कशी असते

या खोडीवर शास्त्राने शोधलेला उपाय म्हणजे तुलनात्मक चाचणी. तिची अंगे चार. रुग्णांचे गट पाडताना कोणाला कोणते औषध द्यावयाचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवितात. एका गटास औषध व दुसऱ्यास हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी किंवा जुने प्रचलित औषध देतात. कोणास काय मिळाले हे रुग्णास व तपासणाऱ्या डॉक्टरांस अखेरपर्यंत कळू देत नाहीत. आणि गुण आला की नाही हे मोजण्याचे माप चाचणी सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवतात, म्हणजे निकाल पाहून माप बदलण्यास वाव राहत नाही. ऋतू बदलला तर तो दोन्ही गटांवर सारखाच बदलतो. मग उरलेला फरक तेवढा औषधाचा.

या कसोटीवर त्वचेच्या ल्युपसची औषधे किती उतरली होती? चाचण्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या अभ्यासकांनी २००९ पर्यंतचा हिशेब मांडला तेव्हा चकत्यांच्या ल्युपसवर विचारात घेण्याजोग्या चाचण्या अवघ्या दोन निघाल्या. रुग्ण एकूण १३६. पहिलीत ७८ रुग्णांवर दोन स्टेरॉइड मलमांची तुलना होती. जोरकस मलमाने शंभरांत २७ जणांना उत्तम गुण आला, सौम्य मलमाने १० जणांना. दुसरी, १९९२ साली प्रसिद्ध झालेली, चाचणी ५८ रुग्णांची. तीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन व ॲसिट्रेटिन यांची गाठ घालून दिली होती. दोहोंनी सुमारे निम्म्या रुग्णांना गुण आला. मात्र ॲसिट्रेटिनचा त्रास अधिक झाला. २०१७ मध्ये हाच हिशेब पुन्हा मांडला तेव्हा चाचण्या पाच व रुग्ण १९७ झाले होते. दीडशेहून अधिक वर्षे ओळखीच्या असलेल्या रोगाची ही शिल्लक फार तुटपुंजी म्हणावी लागेल.

मापाचा शोध

याचे एक मोठे कारण असे की, मोजायला वजनेच नव्हती. एक डॉक्टर ज्यास 'बराच उतार' म्हणे त्यास दुसरा 'थोडा उतार' म्हणे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हिक्टोरिया वर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये क्लासी नावाचे माप प्रसिद्ध केले आणि ही उणीव दूर झाली. यात शरीराचे भाग पाडून प्रत्येक भागावरील लाली व खवले यांना गुण देतात. तोंडातील फोड व नव्याने गळणारे केस यांचीही नोंद होते. या चालू रोगाची बेरीज शून्यापासून ७० पर्यंत जाते. व्रण व डाग यांचा हिशेब मात्र स्वतंत्र रकान्यात ठेवतात.

या दोन रकान्यांतच या मापाचे शहाणपण आहे. चालू रोग औषधाने हटू शकतो. झालेले नुकसान हटत नाही. दोन्ही एकाच रकान्यात मिसळले तर उत्तम औषधही निकामी दिसेल. चालू देणे आणि बुडीत खाते वेगळे लिहावे, हे आपल्या वाचकांस आम्ही शिकवावयास नको.

जुन्या औषधाची फेरतपासणी

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे जुने व विश्वासाचे औषध. पण त्यालाही कसोटी चुकली नाही. कॅनडातील डॉक्टरांनी ते घेऊन स्थिर असलेल्या ४७ सर्वांगीण ल्युपसच्या रुग्णांचे दोन गट केले. २५ जणांचे औषध चालू ठेवले. २२ जणांना नकळत नकली गोळी दिली. १९९१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत औषध चालू असलेल्यांपैकी ९ जणांचा रोग उसळला, औषध सुटलेल्यांपैकी १६ जणांचा. 'आता बरे आहे, गोळी कशाला' असे म्हणून औषध सोडणाऱ्या प्रत्येकाने हे दोन आकडे ध्यानात ठेवावेत.

जपानात या कुळातील जुन्या औषधाने डोळ्यांस इजा झाल्यामुळे ही औषधे अनेक दशके वापरात नव्हती. तेथे नव्याने परवानगी मागताना त्वचेच्या ल्युपसच्या १०३ रुग्णांवर १६ आठवड्यांची चाचणी झाली व २०१५ मध्ये परवानगी मिळाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा निकाल मोठा बोधप्रद आहे. क्लासीच्या मापाने औषधाच्या गटात सुधारणा झाली. पण नकली गोळीच्या गटातही झाली, आणि दोहोंतील फरक निर्णायक ठरला नाही. मात्र डॉक्टरांच्या एकंदर पारखीत औषधाचा गट स्पष्टपणे सरस ठरला. नियमित देखरेख आणि उन्हापासून जपणूक एवढ्यानेही चट्टे काहीसे उतरतात, हे यावरून दिसते. तुलनेचा गट नसता तर ते सारे श्रेय औषधाच्या खात्यावर जमा झाले असते.

नवी औषधे

संरक्षक यंत्रणेतील बिघाड नेमका कोठे, हे अलीकडच्या काळात पुष्कळ उलगडले आहे. रक्तात व त्वचेत एका विशिष्ट जातीच्या पेशी असतात. मेलेल्या पेशींची द्रव्ये पाहून त्या इंटरफेरॉन नावाचा पदार्थ मोठ्या प्रमाणात बाहेर टाकतात. इंटरफेरॉन हा शरीरातील धोक्याचा नगारा. ल्युपसमध्ये तो कारणावाचून वाजत राहतो. नवी औषधे या नगाऱ्याकडेच वळली आहेत. लिटिफिलिमॅब हे नगारा वाजविणाऱ्यांचा हात धरते. अनिफ्रोल्युमॅब हे ऐकणाऱ्या पेशींचे कान झाकते.

लिटिफिलिमॅबची चाचणी मुद्दाम त्वचेच्या ल्युपससाठी योजिली होती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत १३२ रुग्ण होते. १६ आठवड्यांनी नकली इंजेक्शनाच्या गटात क्लासीची बेरीज सरासरीने शेकडा १४.५ उतरली, औषधाच्या तीन निरनिराळ्या मात्रांच्या गटांत ती शेकडा ३८.८, ४७.९ व ४२.५ उतरली. आकडे उमेद वाढविणारे आहेत. तथापि प्रत्येक गट लहान होता, अवधी चार महिन्यांहून कमी होता आणि नागिणीसारखे काही त्रास नोंदले गेले. म्हणूनच यानंतर अनेक देशांत अधिक मोठ्या, पुढच्या टप्प्याच्या चाचण्या हाती घेण्यात आल्या.

अनिफ्रोल्युमॅब सर्वांगीण ल्युपसवर तपासले गेले. पहिली मोठी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, व आधी ठरविलेल्या मुख्य मापावर औषध व नकली औषध यांत फरक दिसला नाही. दुसऱ्या चाचणीत, निकाल उघडण्यापूर्वीच, मुख्य माप बदलून निराळे घेण्यात आले. ३६२ रुग्णांच्या या चाचणीचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल अनुकूल आला. ज्यांच्या त्वचेवर रोग बराच होता त्यांच्यापैकी शेकडा ४९ जणांची क्लासीची बेरीज १२ आठवड्यांत निम्म्याने किंवा अधिक उतरली. नकली औषधाच्या गटात शेकडा २५ जणांची. नागीण मात्र औषधाच्या गटात शेकडा ७.२ जणांना झाली, दुसऱ्या गटात १.१ जणांना. २०२१ मध्ये अमेरिकेत या औषधास सर्वांगीण ल्युपससाठी परवानगी मिळाली. वर्तमानपत्रात 'ल्युपसवर रामबाण औषध' असा मथळा दिसला, तर ते कोणत्या ल्युपसवर, किती रुग्णांत, कशाशी तोलून व कोणत्या मापाने, हे चार प्रश्न वाचकांनी अवश्य विचारावेत.

सन २०२० चा धडा

कसोटीपूर्वीच औषधावर झुंबड उडाली तर काय होते, हे साऱ्या जगाने २०२० मध्ये पाहिले. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने कोविड बरा होतो अशी आवई उठली. भारत हा या औषधाच्या प्रमुख उत्पादकांपैकी एक. मार्च २०२० मध्ये सरकारने त्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती एप्रिलमध्ये सैल केली. देशातील विक्रीवरही कडक नियम लावले. तरी अनेक ठिकाणी लोकांनी गोळ्यांचे साठे घरात करून ठेवले, आणि ज्यांच्या जिवाला त्या खरोखर हव्या होत्या त्या ल्युपसच्या रुग्णांना दुकानोदुकानी हिंडावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडातील मोठ्या चाचणीचा निकाल हाती आला. औषध दिलेल्या १,५६१ रुग्णांत २८ दिवसांत शेकडा २७ दगावले. न दिलेल्या ३,१५५ रुग्णांत शेकडा २५. फायदा काही नव्हता.

आपल्यापैकी पुष्कळ बांधव औषधांच्या घाऊक वा किरकोळ व्यापारात आहेत. गल्ल्यावर बसलेल्या माणसाने अशा वेळी नित्याच्या रुग्णाची चिठ्ठी आधी पाहावी आणि हौशी गिऱ्हाईक मागे ठेवावे, हाच खरा व्यापारधर्म होय. चेहऱ्यावर लावण्याच्या स्टेरॉइड मलमांनाही हेच लागू आहे. ती चिठ्ठीवाचून विकण्यास २०१८ पासून नियमाने मनाई आहे. अशा मलमाने ल्युपसची लाली तात्पुरती दबते, निदान लांबते व त्वचा पातळ होते. दहा रुपये नफ्यासाठी कुणाच्या लेकीचा चेहरा पणाला लागू नये.

घरच्यांनी काय करावे

प्रथम, उन्हात गेल्यावर लाल होणारा, किंवा दोन महिन्यांत न जाणारा डाग त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावा. लपविण्याने स्थळ टिकत नाही. व्रण मात्र टिकतो.

दुसरे, उन्हापासून जपावे. छत्री, लांब बाह्या व अतिनील किरण अडविणारे मलम हे साधे उपायही कसोटीस उतरले आहेत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत २५ रुग्णांच्या त्वचेवर मुद्दाम अतिनील किरण सोडले. उघड्या भागावर १६ जणांना ल्युपसचे चट्टे उठले. किरणरोधक मलम लावलेल्या भागावर एकालाही नाही. ऊन टाळल्याने ड जीवनसत्त्व कमी पडते, त्याची भरपाई डॉक्टरांस विचारून करावी.

तिसरे, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर ते मनाने बंद करू नये व डोळ्यांची तपासणी चुकवू नये. दीर्घकाळाने ते दृष्टिपटलास इजा करू शकते. दिवसाची मात्रा शरीराच्या दर किलो वजनास ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवली तर पहिल्या दहा वर्षांत ही इजा शंभरांत दोघांहूनही कमी जणांना होते. पुढे धोका वाढत जातो. म्हणून सुरुवातीच्या वर्षात एकदा व पाच वर्षांनंतर दरवर्षी नेत्रतज्ज्ञांकडे जावे, असा संकेत आहे. घरात सून वा लेक गरोदर असेल तर हे औषध बहुधा चालूच ठेवतात. पण ॲसिट्रेटिन, मेथोट्रेक्सेट, थॅलिडोमाइड यांसारखी औषधे गर्भास घातक आहेत. त्यामुळे लग्न व मूल यांचा विचार डॉक्टरांपुढे आधीच मांडावा.

चौथे, विडी व सिगारेट सोडावी. धूम्रपान करणाऱ्यांत हा रोग अधिक तीव्र असतो व हिवतापकुळीच्या औषधांचा गुण कमी येतो, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. निपाणीच्या तंबाखूवर आपल्या भागातील अनेक पेढ्या उभ्या राहिल्या, हे आम्ही विसरलो नाही. परंतु धंद्याचा हिशेब निराळा आणि प्रकृतीचा निराळा.

चाचणीत भाग घ्यावा काय

शेवटचा प्रश्न नाजूक आहे. डॉक्टरांनी एखाद्या चाचणीत सामील होण्याविषयी विचारले की, 'आमच्यावर प्रयोग करता काय?' असा आपला पहिला उद्गार असतो. शंका रास्त आहे, पण उत्तरही आहे. भारतात २००९ पासून नव्या औषधांच्या चाचण्यांची सरकारी नोंदवहीत आगाऊ नोंद सक्तीची आहे. ती नोंद कोणासही पाहता येते. २०१९ च्या नियमांनुसार नीतिसमितीची मंजुरी व रुग्णाची लेखी संमती लागते. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व नुकसानभरपाई यांची तरतूद आहे. संमती केव्हाही मागे घेता येते. कागद घरी आणावा, शांतपणे वाचावा, नकली औषधाच्या गटात पडल्यास चालू उपचाराचे काय होईल हे विचारावे आणि मगच सही करावी. न वाचता आपण हुंडीवरही सही करीत नाही.

मात्र सर्वांनीच पाठ फिरविली तर नुकसान आपलेच आहे. आजवरच्या मोठ्या चाचण्यांतील बहुसंख्य रुग्ण गोऱ्या वर्णाचे होते. गोऱ्या कातडीवर जी लाली चटकन दिसते ती सावळ्या त्वचेवर जांभळट किंवा काळपट दिसते व मोजताना निसटू शकते. उलट व्रणाचा पांढरा डाग आपल्याच त्वचेवर अधिक उठून दिसतो. आपल्या त्वचेवर औषधाचा गुण किती, याची खात्री आपल्या त्वचेवरील मापानेच होणार. दुसऱ्याच्या काट्यावर तोललेला माल आपण आपल्या काट्यावर पुन्हा तोलून घेतो, तशीच ही गोष्ट आहे.

ल्युपस समूळ नाहीसा करणारे औषध आज नाही; पण त्याला वेळीच आवर घालणारी साधने आहेत, आणि त्यांची पारख पूर्वीपेक्षा कितीतरी चोख होऊ लागली आहे. आपल्या घराघरांतील लेकीसुनांना तिचा लाभ मिळावा, त्यांच्या गालावरचा डाग लाजेपोटी झाकला न जाता वेळेवर वैद्यकाच्या उजेडात यावा, एवढीच आमची इच्छा आहे.